ठेंगणीचं बी

१२ जून

अगं,

मायना काय लिहायचा यातच दोन कागद फुकट गेले. सूनबाई लिहायची सोय तुम्ही दोघांनी ठेवली नाहीत, आणि तुझ्या संस्थेत म्हणतात तसं मॅडम लिहिलं तर तू हसशील. म्हणून नुसतं अगं. फोन केला असता, पण माझ्या कानांची तऱ्हा तुला ठाऊक आहे. फोनवर मला माणसाचा राग तेवढा ऐकू येतो, शब्द येत नाहीत; समोर ओठ दिसले की भागतं.

कारण असं की काल फ्रिज साफ करताना लोण्याच्या कप्प्यात पार मागे सरकलेली एक काचेची बाटली सापडली. बोटाएवढी, वर तुझ्या अक्षरात कसलासा आकडा. आत राईहून बारीक काळं बी. मी लगेच ओळखलं. पाणीपुरवठ्याच्या टाकीमागच्या उतारावर गुडघे मातीत घालून तू जिच्यासाठी बसायचीस, तीच ना ही? जांभळी, बुटकी, एका वर्षाची पाहुणी? तिचं ते लांबलचक नाव माझ्या जिभेला कधी वळलं नाही. मी तिला ठेंगणीच म्हणायची.

आता बसून घे. मी ते बी पेरलं. सगळं.

तुझी वस्तू तुला परत करायची तर नुसती बाटली काय पाठवायची, चांगली फुललेली कुंडी पाठवू, असा माझा विचार. मागच्या पायऱ्यांवरच्या सगळ्या कुंड्या रिकाम्या करून, माती चाळून, ओळीत पेरलंय. आणि पेरून झाल्यावर रात्री अंथरुणात मनात आलं, की एकदा विचारायला हवं होतं का?

हे पत्र तुझा नवरा म्हणजे माझा मुलगा (बघ, हात कसा चुकतो) वर दातांच्या खोलीत असताना लिहिते आहे. त्याला सांगितलेलं नाही. तो बरा आहे. कवळ्या करतो, जेवतो, झोपतो.

तुझी,
(पुढचं तूच ठरव)


२८ जून

तुझं पत्र मिळालं. मायना नाही, खुशाली नाही, एकदम "कुंड्या हलवू नका" पासून सुरुवात. माझी तक्रार नाही. तू रागावून चार शब्द लिहिले असतेस तर बरं वाटलं असतं, पण तू एवढंच लिहिलंस की उतार पाइपलाइनसाठी खणला गेला, संस्थेत ठेवलेल्या बियांना बुरशी लागली, आणि ती बाटली तू घरभर शोधली होतीस. म्हणजे जगात ठेंगणी आता माझ्या पायऱ्यांवर आहे आणि बाकी कुठे नाही, असंच ना? बाई गं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उगवली आहेत. दोन-दोन पानांची, नखाएवढी. सगळी नाहीत, पण बरीच. तू विचारलंस म्हणून सांगते, ऊन सकाळचं येतं, दुपारी भिंतीची सावली. मुळाला धक्का लागला तर मरतात असं लिहिलंस, त्यामुळे तुझ्याकडे पाठवायचा प्रश्न मिटला. आणि तू इथे येणार नाहीस हे मला कळतं. मी ये म्हणणारही नाही. रात्रभराचा बसचा प्रवास काही एवढा लांब नसतो, हे आपलं असंच लिहिलं.

तू म्हणतेस, यंदा फूल आलं, बोंड धरलं आणि बी हाती लागलं तरच ती राहिली. वर्षाचं रोप, बी टाकून मरतंच. दुसरी संधी नाही. मी ते वाक्य फ्रिजच्या दारावर चिकटवणार होते, पण तिथे तो पाणी प्यायला येतो.


२१ जुलै

एक शंका आहे. रोपं पिवळी पडत आहेत.

निगा मी जिवापाड राखते आहे, त्यात कसूर नाही. नोकरीभर हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींवरचे डाग शोधले, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. कुंड्यांत गवत फार येतं. बारीक, केसासारखं. रोज सकाळी चष्मा लावून बसते आणि चिमट्याने एकेक काडी मुळापासून उपटते. शेजारची नर्स परवा म्हणाली, तुमच्या कुंड्या आहेत की ऑपरेशनचं टेबल? मला बरं वाटलं.

पण जेवढी साफ ठेवते तेवढी ती खंगतात. काही तर आडवी झाली. खत घालू का? कुठलं? लवकर कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

घरचं तसंच. त्याची मशीन दिवसभर घरघरते, ती मला ऐकू येत नाही पण पायाखालच्या फरशीला कळते. परवा त्याला म्हटलं, बाहेर जाऊन ये कुठे तरी. तर म्हणाला, "दात द्यायचेत, आई." या माणसाला विचारलं, जेवलास का? दात द्यायचेत. झोपलास का? दात द्यायचेत. गावातली सगळी म्हातारी माणसं हसायला लागली आणि हा तोंड मिटून बसलाय.


३ ऑगस्ट

तुझं पत्र कुरियरवाला दारात उभा असतानाच फोडलं. एकच ओळ. "गवत उपटू नका, ती गवतावरच जगते."

मग खाली बारीक अक्षरात सगळं लिहिलंस, की ठेंगणीची मुळं मातीखाली गवताच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि तिथून पाणी ओढून घेतात, एकटीला तिला जमत नाही. हे मला कोण सांगणार होतं? तुला वाटलं असेल, गवत कोण उपटेल, एवढं काय लिहायचं. तुझ्या उतारावर कोणी चिमटा घेऊन बसत नव्हतं ना.

मी तिथेच पायरीवर बसले. अति तिथं माती, मला लहानपणापासून ऐकवत आलेत. माझ्या हातांनी मी रोज सकाळी त्यांच्या तोंडचं पाणी काढून घेत होते आणि वर पिवळी का पडता म्हणून त्यांनाच विचारत होते. रडू आलं. माझ्या वयाला शोभत नाही, पण आलं.

दोन उरली आहेत. कोपऱ्यातल्या फुटक्या कुंडीत माझा हात पोचत नव्हता म्हणून गवत राहिलं होतं, तिथे ती दोघं आहेत. बाकी सगळ्या कुंड्या स्वच्छ आहेत. इतक्या स्वच्छ की बघवत नाहीत.

त्याने विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, गवत." त्याने कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वर गेला. तुला ठाऊक आहे तो कसा आहे. विचारायचं ते पोटात ठेवतो आणि मग ते पोटातच म्हातारं होतं. तू बदली घेतलीस तेव्हाही म्हणाला, जा. तुम्ही वरच्या खोलीत त्या दिवशी आणखी काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, मी फक्त जिन्यावरून उतरणारी बॅग पाहिली. पण त्याचं जा म्हणजे राहा, हे तुला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. आणि नुसतं राहा म्हणायला त्याची जीभ काही झिजली नसती. आता लिहिलंच आहे तर राहू दे, खोडत नाही.


१० सप्टेंबर

फूल आलं! एकीला. केवढंसं ते, शर्टाच्या बटणाएवढं, पण रंग असा की बाजूची भिंत मळकी दिसायला लागली. मी दुपारभर खुर्ची टाकून बसले होते. तू दिवसभर त्या उतारावर का बसायचीस ते कळलं, उशिरा का होईना.

आता वाईट भाग. दुसरीला अजून कळीच आहे, हिरवी, घट्ट मिटलेली. तुझं मागचं पत्र मी पाठ केलंय, की स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही, दुसऱ्या रोपाचाच लागतो. आणि ही पहिली दोन-चार दिवसांत कोमेजणार. एक फुलून वाट बघतेय आणि दुसरी उघडायला तयार नाही. मी त्या कळीला काय करू? फुंकर मारू? विनवण्या करून पाहिल्या, खोटं नाही सांगत.

तू लिहिलं होतंस तसं केलं, म्हणजे पराग काढून कोरड्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. पण ते मी केलं नाही. तेही सांगते, नाही तरी ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं.

माझा उजवा हात हलतो. बरेच महिने झाले. सुई घेऊन फुलाशी गेले की सगळं फूल थरथरायचं. मी डावा हात लावून पाहिला, उजवा मांडीखाली दाबून पाहिला. तेवढ्यात तो मागच्या दारात.

"आई, हात का हलतोय?"

"म्हातारा झालाय."

"केव्हापासून?"

"तुला दातांशिवाय काही दिसतं का?"

त्याने माझं मनगट धरलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग म्हणाला, "कशाचं आहे हे?"

मी म्हटलं, "तिचं आहे."

तो वर निघून गेला. संपलं, मी म्हटलं, आता महिनाभर हा माझ्याशीही बोलणार नाही. तर डोक्याला तो भिंगाचा पट्टा लावून खाली आला, हातात त्याचा ब्रश. दातावर रंगाची छटा देतो ना, तो, तीन केसांचा.

"काय करायचं सांग."

"तिने लिहिलंय सगळं."

"वाच मग."

तुझं पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. हो, दाखवलं, तुला राग आला तर येऊ दे. तो गुडघ्यांवर बसला आणि श्वास रोखून एका झटक्यात काम केलं. माझ्याच पोटचा, पण इतका हलका हात मी कुणाचा पाहिला नाही. डबी बंद करताना म्हणाला, "ती ओळ परत वाच." मी म्हटलं, परागाची? "नाही, ती शेवटची. तिकडे डोंगरावर गारठा असतो ती." मी वाचली. "तिच्याकडे जाड पांघरूण आहे का?" मला माहीत नव्हतं. तू पांघरुणाचं कधी लिहीत नाहीस.


२२ सप्टेंबर

दुसरी उघडली. पहिली केव्हाच गळून गेली होती.

तो सकाळी दात घासता घासता मागच्या दारी जातो हल्ली, त्यानेच पाहिलं. तोंडात फेस तसाच, मला खुणा करत सुटला. मला वाटलं, घराला आग लागली. मग डबी, ब्रश, भिंग. मी परसातल्या टाकीवर हात ठेवून बाजूला उभी. मनात देव पाण्यात घातलेले. त्याने ब्रशचं टोक फुलाच्या मधल्या तंतूला असं टेकवलं की फूल हललंसुद्धा नाही. मग पाखरं नकोत म्हणून मलमलची इवलीशी पिशवी शिवून मी दिली आणि त्याने बांधली. टाके वाकडे आलेत, हसू नकोस.

"लागलं असेल का?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस, मी काय माळी आहे?"

"तिला विचार."

म्हणून विचारते. लागलं असेल का?


१८ ऑक्टोबर

बोंड मोठं झालं, फुगलं आणि आता तपकिरी पडलं. तू लिहिलंस तसं देठासकट कापलं. त्यानेच. कवळी पाठवायची डबी असते ना त्याची, तिच्यात कापूस घालून ठेवलं आणि डबी हलवून पाहिली, आत काही आपटत नाही ना. आज सकाळी कुरियरने गेलं. पत्ता मी सांगणार होते. त्याने न विचारता लिहिला. पाठ होता त्याला.

रोप सुकलं. ते सुकणारच होतं, तू आधीच सांगितलेलं, तरी वाईट वाटलंच.

एक सांगू? त्याची मशीन आता संध्याकाळी बंद होते. परवा जेवताना म्हणाला, तिच्या संस्थेत पेरायला माणसं आहेत का गं पुरेशी? मी म्हटलं, असतील. म्हणाला, "बी फार बारीक आहे. तिचा हात जड आहे, आई. चहाच्या कपाचे किती कान तोडले तिने." आणि हसला. मी भात वाढत होते, ती तशीच थांबले. त्याला हसताना पाहून मला किती दिवस झाले, ते मी मोजत नाही.

बोंड उघडलंस की लगेच लिही. आम्ही दोघं वाट बघतो आहोत. दोघं, असं लिहायला बरं वाटतं.


३ नोव्हेंबर

तुझं पत्र परवा दुपारी आलं. पहिल्या ओळीत तू "आई" लिहिलंयस. इतक्या पत्रांत पहिल्यांदा. मी पुढचं वाचायच्या आधीच मला कळलं, बातमी वाईट आहे.

वरून भरलेलं, आत पोकळ. बियांची टरफलं तेवढी, एकातही जीव नाही. तू भिंगाखाली एकेक फोडून पाहिलीस. तू लिहितेस, कुणाची चूक नाही, दोन्ही रोपं एकाच आईच्या बियांची असतील, अशांचं कधीकधी आपसांत धरत नाही, बोंड नुसतं फुगतं. तू माझी समजूत घालते आहेस. ते बी तुझ्या हातात गेलं असतं तर आज ठेंगणी असती, हे तुलाही ठाऊक आणि मलाही. आता ती नाही. कुठेच नाही. मला याचं काय करावं समजत नाही. चादरीवरचा डाग असता तर पुन्हा धुतला असता.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तो तुझ्याकडे यायला निघालाय.

पत्र आलं तेव्हा तो जिन्यात उभा होता, हात कवळ्यांच्या साच्याच्या प्लॅस्टरने पांढरे. "काय म्हणते?" मी तोंड उघडलं. त्याचा चेहरा तू पाहिला नाहीस. पाहिला असतास तर तूही तेच केलं असतंस. मी म्हटलं, "धरलं."

तो पायरीवरच बसला. म्हणाला, "किती?" एकदा खोटं बोललं की ते आपलं आपण चालायला लागतं. मी म्हटलं, "भरपूर."

पत्र तो वाचणार नाही. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, ही शिस्त मीच लावली आहे त्याला. काल केस कापून आला. दाराला "दोन आठवडे बंद" अशी पाटी लावली. शनिवारी रात्रीच्या बसचं तिकीट काढलं. बॅगेत दोन ब्रश, भिंगाचा पट्टा आणि एक जाड पांघरूण, ते बॅगेत मावेना म्हणून वर दोरीने बांधलंय. मला म्हणाला, पेरून देतो आणि येतो. मग म्हणाला, "किंवा बघू."

मी कालपासून कितीदा सांगायला गेले. जिना चढते, दारात उभी राहते, तो शिट्टी वाजवत असतो. मला ऐकू येत नाही, पण ओठ दिसतात. मी चहा हवा का विचारते आणि परत खाली येते. खरं सांगितलं तर तो पांघरूण सोडून ठेवेल, पाटी काढेल आणि पुन्हा कधीच निघणार नाही, मी त्याला ओळखते. नाही सांगितलं तर तुझ्या दारात उभं राहून त्याला कळेल, की पेरायला काहीच नाही आणि आईने फसवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दोन्हीकडून माझंच लेकरू मार खातंय आणि मला धरता येत नाही.

म्हणून तुला लिहिते. हे त्याच्या आधी पोचेल की नाही, देव जाणे. कुरियरवाला शनिवार म्हणतो, पण तो पावसातही ऊन आहे म्हणणारा माणूस. तुझ्यावर मी काही लादत नाही. तुझं तिकडे आता काय आहे, कोण आहे, मी कधी विचारलं नाही आणि आज विचारण्याचा हक्कही नाही. तू त्याला त्याच बसने परत पाठवलंस तरी मी तुला बोल लावणार नाही. त्याला खरं सांगायलाच हवं, आणि ते तूच सांगशील, कारण मला जमलं नाही.

फक्त एवढं कर. रविवारी सकाळी बेल वाजेल, तेव्हा दारात सांगू नकोस. आधी त्याला आत घे.